तुम्ही विचारलेत म्हणून : कुत्र्याचा पहिला मुक्काम

दसरा उलटला की ओळखीच्या लोकांकडून मला एक प्रश्न हमखास येतो : "दिवाळीत गावी जायचे आहे, कुत्र्याला पहिल्यांदाच बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळतात तिथे, ठेवतो आहोत, तर सोबत काय काय द्यावे?" सोबत काय द्यावे हे सांगणे सोपे आहे. त्याचे रोजचे खाणे, औषधे, लसीकरणाचे कार्ड आणि न धुतलेली अंगाखालची चादर एवढे पुरते. मला मनापासून सांगायचे असते ते मात्र वेगळेच : पहिला मुक्काम दिवाळीत ठेवू नका. तुम्हाला कुठेही जायचे नसेल, अशा एखाद्या साध्या आठवड्यात तो ठेवा.

"चार दिवसांनी परत येतो" हे वाक्य कुत्र्याला समजत नाही. माणसे गेली आणि परत आली, हे त्याला केवळ अनुभवातूनच कळते, आणि तो अनुभव आधी छोटा असावा लागतो. दिवाळीत नेमके उलटे घडते. जागा नवी, बोर्डिंग भरलेले, सांभाळणारे दमलेले, अवतीभवती अनोळखी कुत्र्यांचे भुंकणे, आणि त्यात रात्री फटाके. माणसाला असह्य होणारा आवाज कुत्र्याच्या कानांना कितीतरी अधिक छळतो, आणि घाबरलेला कुत्रा आवाजाची भीती त्या जागेशी, तिथल्या माणसांशी, कधीकधी गाडीशीसुद्धा जोडून टाकतो. अशी जोडलेली भीती नंतर सोडवायला महिने लागतात.

म्हणून गणपतीच्या आसपासच सुरुवात करावी. आधी नुसते भेटायला जावे, कुत्र्याला तिथे मनसोक्त हुंगू द्यावे आणि सोबतच परत यावे. मग काही तासांसाठी ठेवावे, आणि त्यानंतर एकच रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी आणावे. आमची देशी कुत्री गल्लीतून घरात आलेली, त्यामुळे परक्या माणसाबद्दल तिला उपजत संशय. पहिल्या भेटींत तिने तिथल्या काकांच्या हातातल्या चिकनच्या तुकड्याकडे वळूनही पाहिले नव्हते. ज्या दिवशी तिने तो तुकडा खाल्ला आणि त्यांच्याकडे पाठ करून निवांत बसली, त्या दिवशी ती रात्रभर राहू शकेल असे मला वाटले. फार घाबरलेला कुत्रा सहसा खात नाही. म्हणून शेपूट हलते आहे की नाही यापेक्षा तो खातो आहे का, हे पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

लसींचे वेळापत्रकही असेच आधी जुळवावे लागते. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो या आजारांवरच्या लसी बहुतेकांनी घेतलेल्या असतात. राहून जाते ती केनेल कफची. हा संसर्गजन्य खोकला अनेक कुत्री एका छताखाली आली की झपाट्याने पसरतो. नाकात थेंब टाकून दिली जाणारी लस काही दिवसांत काम करू लागते, पण इंजेक्शनची असेल तर पहिल्या खेपेला काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पशुवैद्यांकडे धावून हे साधत नाही.

गोचिडींबद्दल मी जरा आग्रहाने बोलते, कारण आपल्याकडे गोचीड ताप हा खराच धोका आहे. पुण्यासारख्या शहरात मोकळ्या जागेची बोर्डिंग बहुधा शहराबाहेर असतात. तिथे कुत्र्याला पळायला मिळते हे उत्तमच, पण एका कुत्र्यावरून उतरलेली गोचीड भिंतीच्या फटीत किंवा गवतात दबा धरून दुसऱ्याची वाट पाहत असते. एहर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू तिच्या चाव्यातून रक्तात जातात, रक्तातील प्लेटलेट घटतात आणि कुत्रा मलूल होतो. गोचिडी मारणाऱ्या चघळण्याच्या गोळ्या मिळतात, त्यांतील काहींचा परिणाम महिनाभर तर काहींचा सुमारे तीन महिने टिकतो. गोळीची मात्रा वजनानुसार पशुवैद्यांनीच ठरवावी, आणि कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असल्यास ते त्यांना आवर्जून सांगावे.

जागा निवडताना फोटो पाहून भुलू नये. रात्री कुत्र्यांजवळ माणूस झोपतो का, आजारी कुत्र्याला वेगळे ठेवायची सोय आहे का, जेवण वेगवेगळे देतात का, बाहेरच्या फाटकाच्या आत दुसरे फाटक आहे का, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. चांगली माणसे अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट तीच तुम्हाला लसीकरणाचे कार्ड मागतात. कुत्री माजावर येण्याची वेळ असेल तर तेही आधी सांगायला हवे.

खाणे घरचेच द्यावे. जागा आणि आहार एकदम बदलले की पोट बऱ्याचदा बिघडते. सोबत एका कागदावर जेवणाच्या वेळा, औषधांच्या मात्रा, पशुवैद्यांचा फोन क्रमांक आणि तुमच्याशी संपर्क न झाल्यास उपचार सुरू करण्याची लेखी परवानगी द्यावी.

सोडताना निरोप लांबवू नये. पट्टा हातात द्यावा, शांतपणे बोलावे आणि निघावे.

परत आणल्यावर एखादा दिवस तो नुसता झोपून काढील किंवा शी पातळ होईल, तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. खोकल्यावर मात्र दोन आठवडे लक्ष ठेवावे, आणि गोचीड तापाची लक्षणे तीन आठवड्यांनंतरही दिसू शकतात. त्यामुळे ताप, सुस्ती किंवा हिरड्यांचा फिकेपणा दिसला तर रक्त तपासून घ्यावे.

आणि चाचणीच्या त्या एका रात्री त्याने अन्नाला तोंडच लावले नाही, रात्रभर फेऱ्या घातल्या, असे कळले तर दिवाळीचा बेत त्याच्यावर लादू नये. म्हाताऱ्या किंवा दृष्टी गेलेल्या कुत्र्यांच्या आणि लसी पूर्ण न झालेल्या पिल्लांच्या बाबतीत तर मी बोर्डिंगचा विचारही करणार नाही. ओळखीचे कोणीतरी तुमच्या घरी येऊन राहील अशी सोय करा. ती शोधायला तुमच्या हाती अजून वेळ असेल, कारण तुम्ही चाचणी आधीच घेतलेली असेल.