आमची वाटचाल : न झालेल्या प्रवासाची मोजणी

दोन शहरांमध्ये लांब पल्ल्याची बस हवी आहे का, हवी असेल तर कोणत्या वेळी आणि किती फेऱ्या, हे शोधून काढणं हा आमचा व्यवसाय. सुरुवात आम्ही दोघा मित्रांनी केली. स्टँडवर उभं राहायचं, गाडीत किती चढले, किती उतरले ते वहीत टिपायचं आणि बसमालकाला अहवाल द्यायचा. भांडवल म्हणजे पायातली ताकद.

पहिला धडा भारमानाचा मिळाला, म्हणजे पूर्ण मार्गभर गाडीच्या सीट सरासरी किती टक्के भरलेल्या होत्या याचा. चाळीस सीटची गाडी स्टँडवरून खचाखच भरून निघते, बघणाऱ्याला वाटतं मार्ग जोरात आहे. पण मार्ग 300 किलोमीटरचा असेल, 60 किलोमीटरवर तीस जण उतरले आणि पुढे कोणी चढलंच नाही, तर त्या फेरीचं भारमान भरतं फक्त 40 टक्के. म्हणून आम्ही स्टँड सोडून गाडीतच बसायला लागलो, शेवटच्या थांब्यापर्यंत.

तरीही मोठी चूक झालीच. एका मार्गावर दुपारी तीनची परतीची गाडी आठवडाभर अर्धी रिकामी धावताना आम्ही मोजली आणि ‘गरज नाही, फेरी बंद करावी’ असं लिहून दिलं. फेरी बंद झाली. काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच स्टँडवर रात्री थांबलो होतो. बाकावर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर तपासण्यांची फाइल, तिच्यावर दोन्ही हात. दवाखान्यातून रिपोर्ट चारनंतर मिळतात, असं त्या म्हणाल्या. तीनची गाडी त्यांना कधीच सापडली नव्हती. आता सकाळपर्यंत तिथेच बसायचं होतं. त्यांच्यासारखे आणखी चौघे-पाच जण निघाले. गरज होतीच, गाडीची वेळ चुकीची होती. आणि आम्ही मोजत होतो फक्त गाडीत बसलेल्यांना.

त्या रात्रीनंतर आमची प्रश्नावली बदलली. ‘बस सुरू केली तर जाल का?’ हा प्रश्न काढून टाकला, कारण त्याला बहुतेक सगळे हो म्हणतात आणि नंतर निम्मेही येत नाहीत. त्याऐवजी विचारतो : गेल्या महिन्यात कुठे गेलात, कसे गेलात, घरातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला? आणि सगळ्यात महत्त्वाचं : जायचं होतं पण जाता आलं नाही, असं काही झालं का? हे विचारायला स्टँड पुरत नाही. दवाखाने, महाविद्यालयं, कचेऱ्या, वसतिगृहं पालथी घालावी लागतात. दोन शहरांच्या लोकसंख्येवरून आणि अंतरावरून प्रवासी काढायचं सूत्र आहे, तेही आम्ही वापरतो. पण रिपोर्ट किती वाजता मिळतात हे त्या सूत्रातून कळत नाही.

अमेरिकेत ग्रामीण वाहतुकीसाठी राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय निधीतला 15 टक्के भाग आंतरशहर बससेवेसाठी राखलेला असतो. ही गरज पुरेशी भागली आहे असं राज्यपालांनी प्रमाणित केलं तरच तो दुसरीकडे वळवता येतो, आणि त्याआधी बसचालक कंपन्यांशी सल्लामसलत करावी लागते. गरज भागली हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर टाकणारी ही पद्धत मला मनापासून पटते. एरवी हे ओझं प्रवाशावरच पडतं, आणि ज्याला गाडीच नाही तो तक्रार करायला पोहोचणार कुठे?

आज आम्ही सात जण आहोत. आजी भेटल्या त्या मार्गावर संध्याकाळी साडेपाचची फेरी सुचवली, मालकांनी सुरूही केली. पहिले तीन आठवडे गाडी जवळजवळ रिकामी गेली आणि बंद करण्याची भाषा सुरू झाली. नवी गाडी रोज वेळेवर सुटते हे लोकांच्या अनुभवाला यावं लागतं, मगच ते तिच्या भरवशावर दवाखान्याची तारीख घेतात. आम्ही हट्टाने मुदत मागून घेतली. गर्दी दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस वाढली. आता प्रत्येक करारात आम्ही अट घालतो : नवी फेरी निदान सहा महिने, ठरलेल्या वेळी, न चुकता. ती मान्य नसेल तर काम घेत नाही.