दुधाच्या वहीतली बॅटरी

गेल्या महिन्यात एसटीनं कराड सोडलं आणि साताऱ्याच्या अलीकडे माझा लॅपटॉप गेला. २२ टक्के दाखवत होता, मी एका तळटीपेत अडकले होते आणि फट्कन स्क्रीन काळी. बीप नाही, 'चार्जर लावा' नाही, काही नाही. शेजारच्या आजोबांनी पण वाकून बघितलं, म्हणाले लाइट गेली काय.

सकाळी सहाची सांगली-स्वारगेट, अप्पा बळवंत चौकात एका प्रकाशकांकडे दुपारपर्यंत प्रुफं पोचवायची होती आणि शेवटची चाळीस पानं गाडीत बघू असा माझा बेत, जो मी कित्येक वर्षं करत आलेय आणि दरवेळी जमलाय, कारण हा लॅपटॉप चार तास आरामात काढतो. काढायचा. म्हणजे त्या आधीच्या रविवारपर्यंत काढायचा. रविवारी काय झालं तर मी अपडेट मारलं. साधं नाही, मोठं, म्हणजे आख्खी सिस्टीमच पुढच्या व्हर्जनला जाते ते, दोन तास चाललं होतं.

(माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, अनुवाद आणि प्रुफरीडिंग करते. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचा जुना पीसी कृष्णामाईनं नेला, त्यानंतर हा घेतला आणि वर्षाभरात भाच्यानं त्याच्यावर लिनक्स टाकून दिलं, "मावशी तुला व्हायरसची कटकट नाही" म्हणून. तेव्हापासून तेच चालू आहे आणि खरं सांगते, तक्रार नाही.)

तर अपडेटनंतर तीन गोष्टी जाणवल्या. फॅन सारखा घोंघावतोय, मांडीवर ठेवला तर चटका बसतो. दुसरं, रात्री झाकण लावून ठेवला १०० टक्क्यावर आणि सकाळी उघडला तर ६६. झोपेत चौतीस टक्के! आणि तिसरं ते साताऱ्याचं. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला की अपडेटनं बॅटरी खाल्ली. स्वारगेटला उतरल्या उतरल्या भाच्याला फोन केला, तो पुण्यातच हॉस्टेलला असतो, आणि त्याला चांगलंच सुनावलं, जसं काही अपडेट त्यानंच लिहिलंय.

तो म्हणाला, "मावशी, आधी मोजलंस का?"

मोजायचं काय त्यात, उतरतेय हे दिसतंय की. पण त्यानं ऐकलं नाही. म्हणाला दोन दिवस वहीत लिही, किती वाजता किती टक्के आणि तेव्हा काय करत होतीस, मग फोन कर. हाताशी वही कुठली तर फ्रिजवरची दुधाची. त्यातच डाव्या बाजूला दूध आणि उजव्या बाजूला बॅटरी लिहायला लागले. दोन म्हशीचं, एक गाईचं, ८८ टक्के. असं.

त्या वहीनं माझे डोळे उघडले असं म्हणणार नाही, पण एक गंमत दिसली. मी काही न करता नुसती बसले होते, सगळ्या खिडक्या बंद, स्क्रीनचा उजेड कमी, तरी अर्ध्या तासात २५ टक्के गेले. म्हणजे माझ्या कामाचा दोषच नव्हता, आत दुसरंच कोणतरी काम करत होतं.

भाच्यानं फोनवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला लावलं. मला त्या काळ्या खिडकीची आधी भीती वाटायची, आता वाटत नाही, व्याकरणातल्या संधीपेक्षा सोपं आहे, एक अक्षर चुकलं की ते लगेच सांगतं तरी. 'टॉप' असं टाइप केलं की कोण किती प्रोसेसर खातंय त्याची यादी येते, सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर. पंगतीत पहिल्या पाटावर बसलेला निघाला ट्रॅकर. हा म्हणजे फाइली शोधून देणारा प्रकार, आपण सर्चमध्ये दोन अक्षरं टाकली की फाइल सापडते ना, त्यासाठी तो आधी सगळ्या फाइली उघडून वाचून त्याची यादी करून ठेवतो. मोठं अपडेट झालं की कधीकधी यादी परत पहिल्यापासून करायला घेतो. साध्या माणसाच्या लॅपटॉपवर ते तासाभरात उरकतं, आपल्याला कळत पण नाही. माझ्याकडे काय आहे तर बारा-तेरा वर्षांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, दिवाळी अंक, जुने कोश, कुणीकुणी पाठवलेले फोटोच फोटो. बिचारा चार दिवस वाचतच बसला होता, आणि त्यात एका कुठल्यातरी मोडक्या पीडीएफवर अडकून तीच तीच परत उघडत होता. (मला पण कोश वाचताना असंच होतं.)

ट्रॅकरची यादी पुसून नव्यानं करायला लावली, ती मोडकी फाइल काढली, चार्जर लावून रात्रभर चालू ठेवला. सकाळी फॅन गप्प. भाच्यानं 'पॉवरटॉप' नावाचं एक बसवायला सांगितलं होतं, ते बॅटरीवर असताना लॅपटॉप किती वॉट ओढतोय ते दाखवतं. आदल्या दिवशी १४ च्या आसपास होतं ते आता साडेसहा. हे वॉटचं गणित मला फार आवडलं कारण ते टक्क्यांसारखं फसवत नाही. बॅटरीत किती वॉट-तास आहेत त्याला वॉटनं भागलं की तास मिळतात, चौथीच्या मुलाला येईल. नळ किती सोडलाय आणि टाकीत किती पाणी आहे, एवढंच.

म्हणलं झालं काम. कसलं काय. रात्री झाकण लावलं, सकाळी परत ६८.

हा भाग जरा नीट सांगते कारण यात माझी फजिती आहे आणि तशी ती बऱ्याच जणांची होत असणार. लॅपटॉपची झोप दोन प्रकारची असते म्हणे. एक गाढ, तिला 'डीप' म्हणतात, त्यात प्रोसेसर-बिसेसर सगळ्याची वीज तोडतात आणि फक्त रॅमला थोडी चालू ठेवतात, म्हणजे उघडलेली कामं जशीच्या तशी राहतात. दुसरी 'एस-टू-आयडल'. ती म्हणजे आमच्या आजीची दुपारची झोप. डोळे मिटलेले, घोरणं पण चालू, पण स्वयंपाकघरात मांजरानं ताटलीला नाक लावलं की "हाड्" ऐकू येणार. हिच्यात लॅपटॉप पटकन जागा होतो, फोनसारखा, पण आतले भाग पूर्ण बंद झालेले नसतात, आणि त्यातला एखादा नीट स्वस्थ बसला नाही की रात्रभर बॅटरी झिरपते. नवीन बऱ्याच लॅपटॉपांत तर गाढ झोपेचा पर्यायच ठेवलेला नसतो. माझ्यात दोन्ही आहेत, पण कंपनीकडून आलेली सवय दुसरीची.

मग इतकी वर्षं रात्रीत तीन-चार टक्केच का जायचे? तर भाच्यानं लिनक्स टाकलं तेव्हाच ग्रबच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती की झोपायचं तर गाढच झोप. मला सांगितलं नव्हतं आणि त्याला स्वतःला आठवत नव्हतं, बारावीत होता तेव्हा. ग्रब म्हणजे बटण दाबल्यावर लिनक्सला उठवणारा जो असतो तो.

भाचा म्हणाला, "मावशी, अपडेट करताना मध्येच काही विचारलं होतं का? फाइल ठेवू का बदलू असं?"

विचारलं होतं. चांगली मोठी चौकट आली होती की या फाइलमध्ये बदल केलेले दिसतायत, तुमची आहे ती ठेवू का आमची नवी बसवू. आता मी म्हणलं मी तर कशाला हातच लावलेला नाही, बदल कुठून आले, नक्की व्हायरस असणार. म्हणून बाणेदारपणे 'नवी बसवा' केलं. झालं, ती ओळ पुसली गेली.

"अगं तुझी ठेव म्हणायचं होतंस!"

"अरे पण ती माझी नव्हतीच ना, तुझी होती."

यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं ओळ परत लिहायला सांगितली, 'मेम-स्लीप-डिफॉल्ट बरोबर डीप', मध्ये कुठं स्पेस द्यायची आणि कुठं नाही ते तीनदा ऐकवून, आणि शेवटी ग्रब अपडेट करायची कमांड, ती नाही दिली तर लिहिलेलं सगळं फुकट. दुसऱ्या दिवशी सकाळी ९६. वहीत ते मी लाल पेनानं लिहिलंय.

म्हणजे अपडेटच्या नावावर दोन गुन्हे, त्यातला एक एरवी आपोआप आटोपणारा आणि दुसरा माझ्या हातून झालेला. पण साताऱ्याला २२ वर का गेला याचं उत्तर यातलं एकही देत नव्हतं. बॅटरी लवकर संपली हे समजू शकते, पण संपली कुठं, बावीस बाकी होते की.

त्याचं उत्तर एका साध्या ॲपमध्ये निघालं, पॉवर स्टॅटिस्टिक्स, ते माझ्याकडे पहिल्यापासून पडलेलं होतं. त्यात बॅटरीचे दोन आकडे असतात. एक, कारखान्यातून निघाली तेव्हा पूर्ण भरल्यावर किती मावायचं. दुसरा, आज पूर्ण भरल्यावर किती मावतं. माझा पहिला आकडा ४५ वॉट-तास. दुसरा २७.

मी बघतच राहिले. कोपऱ्यातली बॅटरी रोज १०० दाखवायची, आणि ती खोटं बोलत नव्हती, ते १०० त्या २७ चे होते. पाण्याच्या हौदात वर्षानुवर्षं गाळ साचत जावा आणि आपण रोज वरून बघून म्हणावं भरला काठोकाठ, तसं. मग आठवलं की नवा होता तेव्हा हा लॅपटॉप सहा-सात तास चालायचा. लॉकडाऊनमध्ये गच्चीत घेऊन बसायचे सकाळची, ती जेवायलाच खाली यायचे. सातचे सहा झाले, सहाचे पाच, पाचचे चार, आणि प्रत्येक वेळी मला वाटत राहिलं की हा 'आरामात इतके' तास चालतो. ४५ भागिले साडेसहा करून बघा, सातच्या जवळ येतं. २७ भागिले साडेसहा, चार. गणित सगळं जागच्या जागी होतं, मीच कधी केलं नव्हतं.

आणि झिजलेल्या बॅटरीचा टक्क्यांचा अंदाज पण चुकायला लागतो, त्यात प्रोसेसरनं एकदम जोरात वीज मागितली की व्होल्टेज घसरतं आणि लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद होतो. ट्रॅकर पीडीएफ वाचतोय, वरून मी, आणि बॅटरी म्हातारी. साताऱ्यापर्यंत तरी पोचली हेच खूप. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात ते हे, फक्त इथं कावळा पण जरा जाडच होता.

झिजली का, तर त्याला पण मीच. टेबलावर असताना चार्जर कायम लावलेला, दिवसरात्र १०० वर, आणि सांगलीचा उन्हाळा. लिथियमच्या बॅटरीला भरलेलं पोट आणि उष्णता एकत्र सोसत नाही. या बॅटऱ्या पहिल्यांदा बाजारात आणल्या १९९१ साली सोनीनं, आणि ज्या तिघांच्या संशोधनावर त्या उभ्या आहेत त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं २०१९ ला, माझा लॅपटॉप घेतला त्याच वर्षी. त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, इतक्या वयाला नोबेल मिळालेलं दुसरं कुणी नाही. माणूस ९७ ला ठणठणीत आणि त्याची बॅटरी सहा वर्षांत गार, असं मी भाच्याला म्हणलं तर तो म्हणाला त्यांना कुणी चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवलं नव्हतं.

नवीन बॅटरी टाकली गावातल्या एका रिपेअरवाल्याकडं. आधी जिथं दाखवला होता तिथं 'मदरबोर्डचा प्रॉब्लेम असू शकतो, ठेवून जा' ऐकलं होतं, त्यांना मी काही बोलले नाही, लॅपटॉप उचलून आणला. या दुसऱ्या माणसानं मागचं झाकण उघडून आधी मला बॅटरी दाखवली. मधोमध हलकासा फुगवटा. विचारलं, टचपॅड दाबायला कडक लागतंय का? लागत होतं! दोन-तीन महिने मी त्यावर जोर देऊन क्लिक करत होते, मला वाटलं धूळ गेली असेल. बॅटरी खालून ढकलत होती त्याला. हे मात्र कुणाचं होत असेल तर थांबू नका, चार्जर काढा आणि लगेच दाखवा, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. मी तो बॉम्ब मांडीवर घेऊन सातारा गाठलेला.

आता माझ्या लॅपटॉपला चार्जिंग ८० टक्क्यावर थांबवायची सोय निघाली, सगळ्यांत नसते, ती लावून टाकलीय. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढं १०० करते. मागच्या आठवड्यात परत पुण्याला गेले तेव्हा स्वारगेटला उतरताना ४१ उरले होते, आणि शिरवळच्या पुढं मी काम सोडून झोपले होते हे पण सांगायला पाहिजे.

राहिली वही. एक तारखेला दूधवाले काका हिशेबाला आले, मी आत चहा टाकत होते, त्यांनी फ्रिजवरची वही काढून स्वतःच बेरीज करायला घेतली. थोड्या वेळानं आतपर्यंत आवाज आला, "ताई, चौदा तारखेला शहाण्णव लिटर कुणी घेतलं ओ?"