घुसू दे त्याला

गाडी चालवताना माझं डोकं सगळ्यात जास्त कोण फिरवत असेल तर इंडिकेटर न देता कट मारून समोर घुसणारे लोक. आपण नीट अंतर ठेवून चाललोय, आणि ह्यांना वाटतं ही जागा ह्यांच्यासाठीच मोकळी ठेवलीये, गाडी घालतात ती घालतात वर लगेच ब्रेक पण मारतात. अशा वेळी स्टिअरिंगवरचे हात आवळले जातात, दात आपोआप घट्ट मिटतात आणि पाय ॲक्सिलरेटरवर जातो, की आता ह्याला दाखवतोच. तो क्षण सगळ्यात डेंजर असतो, कारण राग आला की नजर त्या एकाच नंबरप्लेटला चिकटते, आरसे राहिले बाजूला आणि रस्ता ओलांडणारा माणूसही दिसत नाही.

मला विचाराल तर शांत राहायचा एकच उपाय खरा कामाला येतो, पुढची गॅप. दीर्घ श्वास वगैरे ठीक आहे, पण गाडी पुढच्याच्या बंपरला चिकटलेली असेल तर श्वास घेऊन काय होणार? ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे आपल्याला समजून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं, गाडी थांबायला लागते त्यानंतर. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की आपण तिथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद गेले पाहिजेत, पावसात तर चार.

आता सगळे म्हणतात की गॅप ठेवली की लोक घुसतातच. घुसतात ना, मी कुठे नाही म्हणतोय! पण एक घुसला की पुन्हा अंतर धरायला आपले जातात साधारण दोन सेकंद, म्हणजे दहा जण घुसले तरी वीस सेकंद. त्यासाठी बीपी वाढवून घ्यायचं? आणि जो घुसून पळतोय त्याचं तरी काय वाचतं, १० किलोमीटरला ६० ने १० मिनिटं लागतात आणि ८० ने साडेसात, तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर, नाहीतर पुढच्या सिग्नलला तो आपल्या शेजारीच उभा असतो.

ट्रॅफिकबद्दलचा एक प्रयोग मला फार आवडतो. जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना सांगितलं की साधारण ३० च्या स्पीडने चालवत राहा, त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००८ मध्ये आला. सिग्नल नाही, खड्डा नाही, कट मारणारा कोणी नाही, तरी थोड्या वेळाने जॅम झालाच, कारण एकाचा स्पीड जरा कमी झाला की मागचा जास्त ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा अजून जास्त, आणि ती लाट मागे मागे सरकत जाते. म्हणजे आपण ज्या जॅममध्ये शिव्या घालत बसतो तो बऱ्याचदा कुणा एका मूर्खामुळे झालेलाच नसतो. पुढे थोडी जागा असली की ब्रेक न दाबता नुसता पाय उचलून भागतं आणि ती लाट आपल्यापाशी जरा मऊ होते, हे मला खूप मोठं वाटतं.

मागून चिकटून अप्पर मारणारा, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत डोळ्यांवर टाकणारा असेल तर मात्र सगळ्यात जास्त संयम लागतो. त्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक दाबणारे लोक बघितलेत, आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण ठोकला तर मान आपली आखडणार, कदाचित मागच्या सीटवरच्या मुलांची. तेव्हा उलटं करायचं, पुढची गॅप अजून वाढवायची, म्हणजे आपल्याला जोरात ब्रेक दाबावा लागणार नाही आणि त्याला पण थांबायला वेळ मिळेल. मग जागा दिसली की इंडिकेटर देऊन साइड द्यायची आणि तो शेजारून जाताना त्याच्याकडे बघायचं पण नाही, नजरानजर झाली की तिथूनच भांडणाला सुरुवात होते.