चौथं पिल्लू कुठे गेलं?

आखूड शेपटीच्या दोन उंदरांची जोडी लावली की माझ्या वहीत दरवेळी तोच घोळ: आखूड दोन, लांब एक. मेंडेलच्या हिशेबाने चौथंही हवं, शेपटी आखूड करणाऱ्या ‘टी’ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेलं. ते जन्मतच नाही.

म्हणून दहाव्या दिवसाचे गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. (उंदराचं गर्भारपण जेमतेम १९-२० दिवसांचं, त्यामुळे एक दिवस चुकला तर सगळंच चुकतं.) पहिला तसा गर्भ दिसला तेव्हा वाटलं, माझ्याच चिमट्याने तुटला. डोकं होतं, हृदय होतं, मागचं अंगच नव्हतं! पुढचे दोनही तसेच निघाले, तेव्हा चिमटा निर्दोष सुटला.

या जनुकाचं प्रथिन इतर जनुकांना चालू करतं. ते नसेल तर नोटोकॉर्ड (गर्भाच्या पाठीतला, कण्याआधीचा आधारदांडा) नीट घडत नाही, धडाचा मागचा भाग वाढत नाही आणि वारेशी जोडणारा दुवाही अपुरा राहतो. गर्भ दगावतो तो यामुळेच. एकच प्रत बिघडली तर फक्त शेपटीवर निभावतं.

संशोधक डोब्रोव्होल्स्काया-झाव्हाड्स्काया यांनी १९२७ मध्ये ही शेपटी नोंदवली. जनुक हाती लागला १९९० मध्ये. माझी तीन आठवड्यांची चिडचिड त्यापुढे काहीच नाही.