जागा कुणाच्या ताब्यात आहे?

आमच्या पटकथेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘पहाट. गोदाघाट. आजोबा आणि नात पायऱ्या उतरतात.’ दिग्दर्शक मित्राला त्यात धुकं, दिवे, घंटानाद असं सगळं दिसत होतं. प्रॉडक्शनची बाजू माझ्याकडे. त्यामुळे मला दिसत होती महापालिका, पोलीस आयुक्तालय आणि जनरेटरच्या आवाजाने पहाटे पाचला खिडकी उघडणारे पंचवटीकर.

मराठी सिनेमा, बेताचं बजेट, सगळं शूटिंग नाशिक जिल्ह्यात. निफाडकडचा एक म्हातारा द्राक्षबागायतदार, शहरात नोकरी करणारा त्याचा मुलगा आणि या दोघांच्या ओढाताणीत सापडलेली अकरा वर्षांची नात, एवढीच गोष्ट. टायटल आणि बॅनरची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे झाली होती. आता राहिलं होतं ते शेड्यूल.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 सालचा. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला, हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच चालली आणि 1944 मध्ये ते गेले तेही इथेच. पण त्यांच्या नावाची चित्रनगरी गोरेगावात आणि सरकारचं चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळही तिथेच. इगतपुरीजवळ मुंढेगावला चित्रनगरी होणार हे आपण ऐकत आलोय. तोवर कसारा घाट उतरणं आलंच. या सरकारी महामंडळाचा फिल्म सेल एक खिडकी पद्धतीने परवानग्यांचं काम बघतो. पोर्टलवर नोंदणी करायची, कथासार, ठिकाणं, तारखा, युनिटची माणसं, गाड्या हे सगळं भरायचं, मग अर्ज ज्या त्या खात्याकडे जातो.

मी मात्र आधी पोर्टल उघडलं नाही. पटकथेचं ब्रेकडाऊन, म्हणजे सीनवार लागणाऱ्या ठिकाणांची आणि गोष्टींची यादी, घेऊन सरळ फिल्म सेलमध्ये भेटायला गेलो, आणि हे कुणीही विचारलं तर मी आवर्जून सांगतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘ठिकाण’ असा एकच रकाना असतो. समोर बसलेलं माणूस त्या रकान्याबद्दल प्रश्न विचारतं. तिथल्या मॅडमनी ब्रेकडाऊनची पानं शांतपणे चाळली आणि पहिल्या लोकेशनवर बोट ठेवून विचारलं, “जागा कुणाच्या ताब्यात आहे?” दुसऱ्या लोकेशनलाही तेच. तिसऱ्याला मी त्यांच्या आधीच मान हलवली.

पांडवलेणीचंच घ्या. आमच्या कागदावर ते एक लोकेशन होतं. पायथ्याचं फाळके स्मारक महापालिकेचं. शेजारचं वनोद्यान वनखात्याकडचं. वरची लेणी केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची, म्हणजे राज्यातल्या खिडकीने फार तर वाट दाखवायची, परवाना त्यांच्याच नियमांनी मिळणार. खालून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणखी वेगळा. त्यातून संरक्षित स्मारकाच्या छताखालच्या भागात सिनेमाचं शूटिंग सहसा करू देत नाहीत, आणि लेणं म्हटलं की सगळंच छताखाली! आमचा सीन लेण्याच्या आत होता. मित्राने दोन दिवस तोंड फुगवलं, मग तो सीन पायऱ्या चढतानाच्या दमछाकीवर आणला. आजोबा वर पोचतच नाहीत, मध्येच कठड्यावर टेकतात. माझ्या मते सिनेमातल्या चांगल्या सीन्सपैकी तो एक झालाय, पण हे त्याच्यासमोर म्हणायचं नाही.

केंद्राचं आणि राज्याचं पुरातत्त्व खातं वेगळं असतं हे नाशिकमध्ये काम करताना कायम ध्यानात ठेवावं लागतं. सिन्नरचं गोंदेश्वर, त्र्यंबकेश्वराचं मंदिर, पांडवलेणी ही केंद्राकडे. गोदाकाठचं सुंदरनारायण राज्याकडे. आणि जुन्या नाशकातला एखादा वाडा यापैकी कुणाकडेच नसतो, तो असतो चुलत-चुलत भावांकडे. एक भाऊ काझीपुऱ्यात, दुसरा पुण्यात, तिसरा अमेरिकेत. तिथे कुठलीही खिडकी उपयोगाची नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरच्या सगळ्यांचं संमतिपत्र मिळालं तरच त्या वाड्यात ट्रायपॉड ठेवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी दाराला कुलूप लावतो.

गोदाघाटाकडे येतो. 2027 च्या सिंहस्थाची कामं रामकुंड परिसरात चाललेली. आज जिथे फरशी उखडलेली आहे तिथे महिन्याने नवी पायरी दिसणार. एकच सीन दोन शेड्यूलमध्ये तोडून घ्यायचा असेल तर कंटिन्युइटीचं काय करणार? परवानगी मिळेल की नाही हा प्रश्न नंतरचा. मॅडमनी सहज विचारलं, “तुमचे आजोबा निफाडचे ना? मग रोज पहाटे रामकुंडावर कसे येतात?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पटकथेचे सहा ड्राफ्ट वाचलेल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं.

सीन चांदोरीला गेला. तिथे गोदावरीच्या पात्रात जुनी मंदिरं आहेत, पाणी ओसरलं की ती उघडी पडतात. परवानगी ग्रामपंचायतीची, पोलीस ग्रामीणचे. पण तिथे नवाच मालक निघाला : पाणी. खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा, वर गंगापूर आणि दारणा ही धरणं. धरणातून पाण्याचं आवर्तन कधी सुटणार यावर मंदिराच्या किती पायऱ्या दिसणार हे ठरतं. म्हणून जलसंपदाच्या कार्यालयातही एक खेप झाली. तिथल्या साहेबांना शूटिंगचं फार अप्रूप वाटलं, त्यांनी पाण्याचा हिशेब कागदावर काढून समजावून सांगितला आणि वर हीरो कोण आहे असंही विचारलं. हीरो नाही, आजोबा आहेत म्हटल्यावर जरा हिरमुसले.

पोलिसांचं गणित सोपं आहे, फक्त आधी कळलं पाहिजे. नाशिक शहर म्हणजे पोलीस आयुक्तालय, तालुक्यांचा भाग म्हणजे ग्रामीण पोलीस अधीक्षक. सकाळी पंचवटी आणि दुपारी निफाड असा दिवस लावला की दोन वेगळी पत्रं लागतात. आम्ही मग शहराचे दिवस एकत्र बांधले आणि ग्रामीणचे एकत्र. डिझेलही वाचलं.

ड्रोनवरून मात्र खरी वादावादी झाली. हल्ली प्रत्येक दिग्दर्शकाला वरून नदी बघायची असते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत विभागलेला आहे आणि तो डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मवर बघता येतो. आमचं नाशिक त्या नकाशावर बघण्यासारखं आहे. देवळालीला तोफखान्याचं केंद्र, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचं प्रशिक्षण, बोरगडावर हवाई दल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. मित्र म्हणाला, शहर सोडू, बागेवर उडवू. बाग निफाड तालुक्यात, आणि विमानतळाचं ओझरही निफाड तालुक्यातच! शिवाय स्थानिक पोलिसांची परवानगी वेगळी. मी ड्रोनचे पैसे बजेटमधून काढले आणि जिमी जिबला, म्हणजे लांब दांड्याच्या कॅमेरा क्रेनला, दिले. बागेच्या मांडवावरून सरकत जाणारा कॅमेरा मला तरी जास्त आवडला.

नातीचं काम करणाऱ्या मुलीच्या बाबतीत फिल्म सेलने सुरुवातीलाच सावध केलं, त्याचा फार फायदा झाला. बालकलाकारासाठी निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे आमच्यासाठी सीबीएसजवळचं, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं, जिल्हाधिकारी कार्यालय. 2017 च्या नियमांत मर्यादा स्पष्ट आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच, सलग सत्तावीस दिवसांच्या पुढे काम नाही आणि तिच्या मानधनातले किमान 20 टक्के तिच्या नावाने मुदत ठेवीत. युनिटची शिफ्ट बारा तासांची आणि नात जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये. हे आधी कळल्यामुळे रोजचं शेड्यूल तिच्या पाच तासांभोवती लावलं : आधी तिचे क्लोज, मग दोघांचे एकत्र टू-शॉट, ती घरी गेल्यावर आजोबांचे एकट्याचे शॉट. आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट रोज संध्याकाळी रिकाम्या खुर्चीकडे बघून संवाद म्हणायचे. कुरकूर केली नाही, उलट “ही खुर्ची मध्येच डायलॉग विसरत नाही” म्हणाले.

बैलांचं प्रकरण लांबलं. सिनेमात प्राणी वापरायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची शूटिंगआधीची परवानगी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात, बल्लभगडला. प्राणी कुणाचा, त्याच्याकडून नेमकं काय करून घेणार, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, हे सगळं द्यावं लागतं आणि पुढे सेन्सॉरला जाताना मंडळाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अर्जात लिहायचं होतं की बैल काय करतात. आमच्या सीनमध्ये बैल उभे असतात. मी तसंच लिहिलं, ‘उभे राहतात व वैरण खातात.’ मित्राला बैल हवेच होते, म्हणून थांबलो. नाहीतर मी ते काढून टाकले असते. ज्यांना वाटतं की मागे शेतात चरणारी गाय फ्रेममध्ये आली तर काय बिघडतं, त्यांनी एडिटच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारावं.

काही गोष्टी खिडकीच्या पूर्ण बाहेरच्या. कांद्याचा लिलाव दाखवायचा होता. बाजार समितीचं आवार समितीचं, अर्ज सचिवांना. त्यांची एकच अट होती, लिलाव थांबणार नाही. बाजार बंद असतो त्या दिवशी जागा सहज मिळाली असती, पण मग ट्रॅक्टरची रांग, व्यापारी, हमाल सगळं उभं करायला आमचं अख्खं बजेट गेलं असतं. शेवटी छोटं युनिट, दोन कॅमेरे, लाइट नाहीत, आणि आमचा नट खऱ्या ट्रॅक्टरवर बसलेला. एका व्यापाऱ्याने त्याच्या कांद्याला खराच भाव पुकारला. तो टेक ठेवलाय. एसटीचा सीन प्रासंगिक करारावर गाडी घेऊन उरकला, लग्नाच्या वऱ्हाडाला घेतात तशीच. रेल्वेचा सीन मात्र परवानगी आणि भाड्याचा अंदाज बघून कागदावरच मेला.

बागेवाल्या नानांची परवानगी मिळवणं सगळ्यांत सोपं वाटलं होतं. नाना घरचेच, मित्राच्या वडिलांचे दोस्त. पण त्यांनी घातलेल्या अटींपुढे सरकारी अटी काहीच नाहीत. “या, राहा, जेवा, पण घडाला हात लावायचा नाही. आपला माल युरोपला जातो.” निर्यातीच्या द्राक्षाला औषधाच्या अंशाची तपासणी असते, त्यामुळे धूर करायचा असेल तर त्या मशीनमध्ये काय घालता तेसुद्धा त्यांनी विचारलं. मांडवाखाली लाइटचे स्टँड कुठे, केबल कुठून, सगळं त्यांनी ठरवलं. फवारणीच्या दिवशी बागेत कुणी नाही. मेकअपदादांचा परफ्यूमही त्यांना चालेना.

आणि द्राक्षाचं वेळापत्रक कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आम्हाला दोन बागा हव्या होत्या, एक भरलेल्या घडांची आणि एक छाटलेली, नुसत्या काड्यांची. घड फेब्रुवारीत मिळाले. काड्या मिळतात ऑक्टोबर छाटणीनंतर, आणि तेही जेमतेम आठवडाभर, कारण मग डोळे फुटतात, हिरवं दिसायला लागतं. गोष्टीत काड्या आधी आणि घड नंतर येतात. दरम्यान आमची नात वाढतेय. फेब्रुवारीतला फ्रॉक उन्हाळ्यातच आखूड झाला. म्हणून काड्यांच्या सगळ्या सीन्समधून ती बाहेर काढली, तिचा फक्त आवाज ठेवला, घरातून हाक मारल्याचा.

पैशांबद्दल एकच सांगतो. राज्य सरकारचं मराठी सिनेमाला अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने बघून अ किंवा ब दर्जा दिला तर. बरेच नवे निर्माते ते बजेटमध्येच जमा धरतात. आम्ही धरलं नाही. पण परवानगीच्या प्रत्येक पत्राची मूळ प्रत, प्रत्येक पावती एका फाइलला लावतोय. सेन्सॉर असो की अनुदान, पुढे कुठला कागद मागतील सांगता येत नाही.

दुसऱ्या शेड्यूलचा अर्ज सध्या अर्धा भरून पडलाय. तारखेच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून नानांना फोन केला, तर म्हणाले, “पाऊस उघडू दे, मग बघू.” हे काही पोर्टलवर लिहिता येत नाही. फिल्म सेलच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांचा पट्टा टाका, ग्रामीण पोलिसांच्या पत्रातही तोच टाका आणि नेमका दिवस आदल्या दिवशी ठाण्याला कळवा. बैल उभेच राहणार आहेत ना, एवढं मात्र त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.