त्रेचाळीस मिलिसेकंद

2018 च्या पावसाळ्यात मी पुण्यातील एका गेम स्टुडिओत परफॉर्मन्स टेस्टिंगचे काम पाहत होतो. त्या सकाळी आमच्या गेममधील भर बाजाराचा प्रसंग मी सोनीचे मूळ पीएस4 हे गेम-यंत्र आणि त्याच पिढीतील अधिक ताकदीचे पीएस4 प्रो अशा दोन्हींच्या डेव्हकिटवर, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या खास यंत्रांवर, लावला. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे पडद्यावरची तीस चित्रे, हव्या असतील, तर एका फ्रेमला 33.3 मिलिसेकंदच मिळतात. प्रोवर आकडा 32 च्या आसपास स्थिर होता. मूळ यंत्रावर मात्र तो 43 वर गेला आणि नायकाची चाल डोळ्यांना खुपेल इतकी अडखळू लागली.

बैठकीत आमचे वरिष्ठ म्हणाले, "हा गेम फक्त प्रोसाठी काढता आला असता, तर आज आपण मोकळे झालो असतो." तसे करता येणार नव्हते, कारण पीएस4 साठीचा प्रत्येक गेम मूळ यंत्रावर चाललाच पाहिजे, हा सोनीचा नियम होता. प्रोचे ग्राफिक्स 1.84 वरून 4.2 टेराफ्लॉप्सवर (गणनशक्तीचे माप) गेले असले, तरी सीपीयू, म्हणजे यंत्राचा मुख्य प्रोसेसर, त्याच जातीचा होता आणि त्याचा वेग 1.6 वरून 2.13 गिगाहर्ट्झ एवढाच वाढला होता. आमची अडचण नेमकी सीपीयूचीच होती.

संध्याकाळपर्यंत मी आणि माझी सहकारी प्रोफायलरच्या, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या साधनाच्या, रंगीत पट्ट्या एकेक करून तपासत बसलो. एक पट्टी फारच लांब दिसत होती. मागच्या गल्लीतील, कॅमेऱ्यात कधीच न येणाऱ्या दुकानांची कापडी छपरे वाऱ्यावर कशी हलतील, याचे गणित प्रत्येक फ्रेमला होत होते. ते थांबवताच मूळ यंत्रावरचा आकडा 31 वर आला. प्रोच्या वाढीव वेगाखाली आमचीच चूक झाकली गेली होती, आणि नियम नसता तर ती तशीच ग्राहकाच्या घरी गेली असती.

निन्टेन्डोने 2015 मध्ये 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी' फक्त न्यू थ्रीडीएससाठी, म्हणजे थ्रीडीएस या हातातल्या गेम-यंत्राच्या वाढीव आवृत्तीसाठी, काढला. वी या निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरचा तो अवाढव्य गेम हातातल्या यंत्रावर बसवायला अधिक ताकद लागत होती, हे मला मान्य आहे. तरीही एकाच पिढीच्या यंत्रावर पैसे घातलेल्या माणसाला मध्येच दाराबाहेर ठेवणे मला पटत नाही. वाढीव यंत्राने चित्र अधिक रेखीव करावे, फ्रेम वाढवाव्यात. गेम मात्र दोघांचाही असावा.

त्या रात्री निघण्यापूर्वी आम्ही मूळ यंत्रावर तो बाजार दोनदा फिरून पाहिला.