चार्ज केलेल्या गोळ्याभोवतीची स्थितिज ऊर्जा: लोलकाने मापन, कुठवर आलंय

गोळा, लोलक आणि चार्ज मोजायचा डबा तयार आहे. सजातीय (एकाच चिन्हाच्या) चार्जचा आलेख पुरा झाला, विजातीय (विरुद्ध चिन्हांच्या) चार्जचा बाकी आहे.

गोळा म्हणजे काठाला काठ लावून जोडलेले दोन अर्धगोल स्टीलचे वाडगे, त्रिज्या १० सेमी. जोडावर अ‍ॅल्युमिनियमची टेप लावून ती चमच्याच्या पाठीने घोटून सपाट करायची. सुरकुतीचं टोक राहिलं की तिथून हवेत चार्ज सुटतो, अंधारात बारीक सूं-सूं ऐकू येते. या आकाराच्या गोळ्याची धारिता, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, ११ पिकोफॅरड. ६० किलोव्होल्टला चार्ज होतो ०.६७ मायक्रोकूलोम आणि साठलेली ऊर्जा जेमतेम ०.०२ ज्यूल. झटका चांगलाच बसतो. पेसमेकर असलेल्याने जवळ येऊ नये, आणि हौसेने मोठा कपॅसिटर जोडू नये.

धारिता इतकी कमी म्हणून गळतीचा प्रश्न मोठा. स्टँडचा रोध १ टेराओहम असेल तर ११ सेकंदांत ३७ टक्केच चार्ज उरतो. अ‍ॅक्रिलिकच्या दांड्यावर बोटाचा एक ठसा पुरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दांडा आणि नायलॉनचा दोरा पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच चार्जिंग. कोकणात पावसाळ्यात हा प्रयोग काढूच नये. थंडीतली कोरडी दुपार उत्तम.

लोलकाला टेबल टेनिसचा चेंडू: व्यास ४० मिमी, वजन २.७ ग्रॅम, ग्राफाइटचा थर देऊन सुमारे ३ ग्रॅम. दोरा १ मीटर. व्हॅन डी ग्राफने (फिरत्या पट्ट्यावरून चार्ज साठवून उच्च व्होल्टेज देणाऱ्या यंत्राने) गोळा चार्ज करून यंत्र बंद करायचं आणि लांब न्यायचं, नाहीतर त्यातून निघणारे आयन खोलीभर पसरून सगळी वाचनं बिघडवतात. चेंडू गोळ्याला टेकला की त्यावर साधारण ३५ नॅनोकूलोम येतात.

हा आकडा गृहीत धरू नका, मोजा. एका स्टीलच्या डब्यात दुसरा डबा, मध्ये इन्सुलेशन, आणि दोघांमध्ये १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर. चेंडू आतल्या डब्यात तळाला टेकवला की ३५ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असतो, म्हणजे वाचन टिपून घ्यायला १० सेकंदांचा काळ मिळतो. ०.१ मायक्रोफॅरड लावला तर व्होल्टेज दसपट मिळतं, पण एका सेकंदात पळून जातं. मग टीएल०७१ या ऑप-अँप चिपचा बफर (कपॅसिटरचा चार्ज न पळवता व्होल्टेज मीटरला देणारा) आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात.

आता मुख्य भाग. ऊर्जा थेट मोजता येत नाही, बल मोजता येतं: लोलकाचा चेंडू किती बाजूला सरकला त्यावरून. हिशेबाने केंद्रापासून २०, ३०, ४० आणि ५० सेमीवर बल अनुक्रमे ५.३, २.३, १.३ आणि ०.८४ मिलिन्यूटन यायला हवं. चेंडू तेवढ्यासाठी १८, ८, ४.५ आणि २.९ सेमी बाजूला सरकतो. अंतर नेहमी सरकलेल्या जागेपासून मोजायचं. १८ सेमी सरकताना चेंडू दीड सेमी वरही चढतो, त्यामुळे गोळ्याचं केंद्र तेवढं उचलून घ्यावं लागतं. सावली आलेख कागदावर पाडा; टॉर्च ३ मीटर लांब ठेवा, जवळचा दिवा सावली फुगवतो.

बल-अंतर आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजेच ऊर्जेतला फरक. २० ते ३० सेमीमध्ये तो ०.३५ मिलिज्यूल. दोनच बिंदू सरळ रेषेने जोडले तर ०.३८ येतो, ८ टक्के जास्त, कारण वक्र खाली झोळ घेतो. २ सेमीचे टप्पे घेतले की ही चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येते. बल अंतराच्या वर्गाने घटतं आणि ही बेरीज अंतराच्या साध्या व्यस्ताने. हे स्वतः चौकोन मोजून उतरलेलं पाहणं मला सूत्र पाठ करण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. ही ऊर्जा गोळा आणि चेंडू दोघांची मिळून असते. चेंडूवर निम्मा चार्ज ठेवला तर तिथलं गोळ्याचं विभव (दर कूलोममागची ऊर्जा) तेच राहतं, ऊर्जा निम्मी होते.

वाचनं लांबून जवळ आणि परत लांब अशी घ्या, म्हणजे गळतीची सरासरी निघते. गोळ्याच्या अगदी जवळ बल हिशेबापेक्षा कमी भरतं, कारण दोन्हींवरचे चार्ज एकमेकांपासून मागे सरकतात. ते बिंदू आलेखात ठेवा, सूत्राशी जुळवू नका. टेबल, भिंत आणि तुमचा हात किमान मीटरभर दूर हवा.

विजातीय चार्जला वेगळीच अडचण आहे. आकर्षण जवळ जाताना इतकं झपाट्याने वाढतं की वजनाचा परत ओढणारा जोर कमी पडतो. वरच्याच आकड्यांना १ मीटरच्या दोऱ्यावर २४ सेमीच्या आत चेंडू थेट गोळ्यावर जाऊन आपटतो आणि चार्ज गमावतो. दोरा अर्धा मीटर केला की ही हद्द १९ सेमीवर येते, पण सरकणंही निम्मं होतं. पुढच्या फेरीसाठी आखूड दोरा बांधलाय.